‘शक्यतो’ या शब्दाचे वजन

शिक्षणाचे माध्यम ‘शक्यतो’ मुलाची मातृभाषा असावे, असे शिक्षण हक्क कायद्याचे (२००९) २९वे कलम सांगते. हा एकच शब्द गडचिरोलीच्या जंगलात काय करतो, ते पाहण्याजोगे आहे.

भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया मुलाच्या हाती पहिलीत मराठी पुस्तक पडते. माडिया ही द्राविडी कुळातल्या गोंडीची बोली. गोंडीत पाण्याला ‘येर’ म्हणतात. या मुलाला अक्षरे आणि परकी भाषा एकदमच शिकावी लागतात. त्यात शाळा सुटली की अहवालात ‘गळती’ नोंदवली जाते. जणू भांडे धड आहे आणि दोष पाण्याचाच!

अडचण संख्येची म्हणावी, तर २०११च्या जनगणनेत गोंडीभाषक सुमारे २९ लाख ८४ हजार आहेत. संस्कृत मातृभाषा सांगणारे २४,८२१. तरी संस्कृत आठव्या अनुसूचीत आहे, गोंडी नाही. संथाळी आणि बोडो २००३च्या घटनादुरुस्तीने तिथे पोचल्या. म्हणजे काय ‘शक्य’ आहे, हे डोकी मोजून नव्हे, प्रतिष्ठा आणि राजकीय दबाव पाहून ठरते.

धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९मध्ये स्वतःच गोंडी शाळा काढली. २०२२मध्ये शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवली. वाद नागपूर खंडपीठापर्यंत आला. सरकारला न जमलेले गावाने करून दाखवले, तर ते नियमबाह्य!

पालकांनाच मराठी-इंग्रजी हवी असते, हा आक्षेप खोटा नाही. तलाठ्याच्या दप्तरापासून नोकरीपर्यंत सारे व्यवहार त्याच भाषांत चालतात. पण गोंडीतून सुरुवात म्हणजे मराठीला दार बंद करणे नव्हे. मूल तिथवर टिकावे, याची ती सोय आहे.

२०२५ साली पहिलीपासूनच्या हिंदीविरुद्ध महाराष्ट्र उभा राहिला आणि २९ जूनला सरकारने निर्णय मागे घेतले. कोवळ्या वयात दुसऱ्या भाषेचे ओझे नको, असे आपण म्हणत होतो. तोच मुद्दा माडिया मुलाने मांडला, तर ओझे लादणारे आपण ठरतो. तेव्हा मराठी वाचकांनीच आता तीन गोष्टी मागाव्यात: पहिल्या तीन इयत्तांची पुस्तके माडिया-गोंडीत, शिकवणारी माणसे त्याच टोल्यांतली, आणि मोहगावसारख्या शाळांना मान्यतेची वाट.