जागतिक मनोभूमिका आणि भाषा : एका ग्रंथाच्या निमित्ताने

१

व्यापाराचे क्षेत्र एका राष्ट्राच्या सीमेपलीकडे गेले की त्याचे नेतृत्व करणाऱ्याचे मनही त्या सीमेपलीकडे गेले पाहिजे, हा विचार वरवर पाहता इतका सरळ आहे की त्याला शास्त्राचे रूप देण्याची आवश्यकता भासू नये. तथापि गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ व्यवस्थापनशास्त्राने याच विचाराभोवती विपुल लेखन केले आहे. त्या लेखनात ज्या गुणाला ‘ग्लोबल माइंडसेट’ म्हणतात त्याला येथे ‘जागतिक मनोभूमिका’ असा शब्द योजिला आहे. हा शब्द एका कारणाने सोयीचा आहे. ‘भूमिका’ म्हटले की उभे राहण्याची जागा आली. आणि जागतिक म्हणविणारे मन नेमके कोणत्या जागेवर उभे असते, हाच प्रस्तुत परीक्षणाचा प्रश्न आहे.

या विचाराची सुरुवात बहुधा हॉवर्ड पर्लमटर यांच्या १९६९ सालच्या निबंधापासून सांगितली जाते. कंपनीच्या शाखा किती देशांत आहेत किंवा परदेशांतील विक्री किती आहे, एवढ्यावरून तिचे बहुराष्ट्रीयत्व पुरते कळत नाही. तिचे वरिष्ठ अधिकारी परक्या माणसांविषयी आणि परक्या कल्पनांविषयी कसा विचार करतात हे पाहिले पाहिजे, असे पर्लमटर यांचे प्रतिपादन होते. त्यांनी स्वदेशकेंद्री, यजमानदेशकेंद्री आणि विश्वकेंद्री अशा तीन वृत्ती वर्णिल्या. पुढे २००२ मध्ये अनिल गुप्ता आणि विजय गोविंदराजन यांनी विविधतेविषयीचा मोकळेपणा आणि त्या विविधतेची सांगड घालण्याचे सामर्थ्य या दोहोंचा संयोग म्हणजे जागतिक मनोभूमिका अशी मांडणी केली. २००७ मध्ये लेव्ही व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या साहित्याचा आढावा घेऊन विश्वनागरिकत्वाची वृत्ती आणि गुंतागुंतीचा विचार पेलण्याची बौद्धिक क्षमता असे तिचे दोन घटक निश्चित केले.

या सर्व व्याख्यांत एक साम्य आहे. त्या मनाविषयी बोलतात, वृत्तीविषयी बोलतात, बुद्धीविषयी बोलतात. परंतु हे मन कोणत्या भाषेत विचार करते, आणि त्याचा विचार दुसऱ्यापर्यंत कोणत्या भाषेतून पोहोचतो, याविषयी त्या जवळजवळ मौन पाळतात. रेबेका मार्शान, डेनिस वेल्च आणि लॉरेन्स वेल्च यांनी १९९७ मध्येच भाषा हा बहुराष्ट्रीय व्यवस्थापनातील विस्मृत घटक आहे असे म्हटले होते. उद्‌वाहने तयार करणाऱ्या कोने या फिनिश कंपनीच्या अभ्यासातून त्यांना असे दिसले की कंपनीची अधिकृत भाषा इंग्रजी असली तरी माहिती प्रत्यक्षात भाषा जाणणाऱ्या व्यक्तींच्या मार्गाने वाहते. ज्याला दोन भाषा येतात त्याच्या हाती पदापेक्षा मोठी सत्ता येते, आणि ज्याला त्या येत नाहीत तो संघटनेच्या तक्त्यावर असूनही संवादाबाहेर राहतो.

या पार्श्वभूमीवर हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या प्राध्यापिका त्सेदाल नीली यांचा ‘द लँग्वेज ऑफ ग्लोबल सक्सेस’ हा २०१७ साली प्रिन्स्टन विद्यापीठाने प्रकाशित केलेला ग्रंथ महत्त्वाचा ठरतो. विस्मृत घटकाला त्यांनी थेट विषयाच्या केंद्रस्थानी आणले आहे.

२

ग्रंथाचा विषय राकुतेन ही जपानी कंपनी आहे. हिरोशी मिकितानी यांनी १९९७ मध्ये स्थापन केलेली ही कंपनी इंटरनेटवरील बाजारपेठ चालवीत मोठी झाली. २०१० मध्ये तिने अमेरिकेतील बाय डॉट कॉम आणि फ्रान्समधील प्राइसमिनिस्टर या कंपन्या विकत घेतल्या. त्याच वर्षाच्या मार्च महिन्यात मिकितानी यांनी आपल्या जपानी कर्मचाऱ्यांसमोर इंग्रजीत भाषण करून जाहीर केले की यापुढे कंपनीचा व्यवहार इंग्रजीतून चालेल. उपाहारगृहातील पदार्थांच्या याद्या आणि उद्‌वाहनातील पाट्यादेखील इंग्रजीत झाल्या. कर्मचाऱ्यांना दोन वर्षांची मुदत मिळाली. त्या अवधीत टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत ठरावीक गुण न मिळविणाऱ्याची पदावनती होऊ शकेल, असेही सांगण्यात आले. शिकण्याचा भार प्रथम कर्मचाऱ्यांवरच होता. पुढे कंपनीने अध्यापनाची आणि अभ्यासासाठी वेळेची सोय केली.

जपानमध्ये या आदेशावर टीका झाली. बहुसंख्य कर्मचारी जपानी असताना जपानमध्येच केवळ इंग्रजी वापरणे हा मूर्खपणा आहे, असे मत होंडा कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष ताकानोबु इतो यांनी २०१० मध्ये व्यक्त केले होते. परंतु २०१५ मध्ये होंडानेही वेगवेगळ्या देशांतील विभागांमधील व्यवहारासाठी २०२० पर्यंत इंग्रजी अवलंबिण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. यावरून मिकितानी यांचा आदेश ही केवळ एका मनुष्याची लहर नव्हती, हे मान्य करावे लागते. अनेक देशांत पसरलेल्या संस्थेला कोणती तरी सामायिक भाषा लागते. प्रश्न तिच्या आवश्यकतेचा नसून तिची किंमत कोण देतो हा आहे.

३

नीली यांच्या ग्रंथाचे सर्वांत मोठे यश म्हणजे त्यांनी केलेले कर्मचाऱ्यांचे त्रिविध वर्गीकरण. पहिला वर्ग भाषिक परदेशस्थांचा. हे जपानी कर्मचारी आपल्याच देशात, आपल्याच कार्यालयात राहून भाषेपुरते परके झाले. दुसरा वर्ग सांस्कृतिक परदेशस्थांचा. यांत अमेरिकी कर्मचारी येतात. त्यांना आदेशाने प्रथम आनंद झाला, कारण भाषा त्यांचीच होती; परंतु त्याच भाषेतून जपानी कार्यपद्धती त्यांच्यापर्यंत येऊन पोहोचली आणि त्यांचे आश्चर्य ओसरेना. तिसरा वर्ग द्विविध परदेशस्थांचा. फ्रान्स, जर्मनी, ब्राझील, तैवान, थायलंड, इंडोनेशिया येथील या कर्मचाऱ्यांना इंग्रजीही परकी आणि जपानी संस्कृतीही परकी. अपेक्षा अशी की हेच सर्वाधिक गोंधळतील. नीली यांना आढळले ते याच्या उलट. दुहेरी परकेपणा वाट्यास आलेला हा वर्गच नव्या व्यवस्थेशी सर्वांत सहज जुळवून घेऊ शकला.

हा निष्कर्ष व्यवस्थापनशास्त्रातील प्रस्थापित व्याख्यांना धक्का देणारा आहे. जागतिक मनोभूमिका हा जर व्यक्तीच्या मनाचा स्थिर गुण असता, तर तो तिन्ही वर्गांत सारख्याच प्रमाणात विखुरलेला दिसावयास हवा होता. प्रत्यक्षात तो विशिष्ट स्थानावरील माणसांत प्रकट झाला. तेव्हा तो गुण मनात उपजत असतो असे म्हणण्यापेक्षा परकेपणाच्या अनुभवातून तो घडतो असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. काहीही आपले नाही हे ज्याला प्रथमपासून ठाऊक असते, तो प्रत्येक गोष्ट शिकण्याच्या तयारीने हाती घेतो. नीली यांची सामग्री या निष्कर्षाकडे स्पष्ट बोट दाखविते. मात्र लेखिका स्वतः तेथवर जात नाहीत. त्यांचे लक्ष संस्थेच्या यशाकडे अधिक आहे.

४

ग्रंथातील उणीव येथूनच सुरू होते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने तीन आक्षेप नोंदविणे अवश्य आहे.

पहिला आक्षेप मापनाविषयी. टोइक ही परीक्षा जपानी पुढाकाराने अमेरिकेतील एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसने तयार केली आणि १९७९ मध्ये ती प्रथम जपानमध्येच घेतली गेली. तिच्या प्रचलित रूपात ऐकणे आणि वाचणे यांवरील २०० बहुपर्यायी प्रश्न असतात व कमाल गुण ९९० असतात. म्हणजे या परीक्षेत उमेदवाराला एक वाक्यही बोलावे लागत नाही. ऐकलेले समजणे आणि आपले म्हणणे दुसऱ्याच्या गळी उतरविणे या भिन्न क्षमता आहेत. वाटाघाटीत नकार कसा द्यावा, वरिष्ठाची चूक कशी दाखवावी, मौनाचा अर्थ होकार असा घेतला जात असेल तर ते कधी मोडावे, हे ज्ञान कोणत्याही पर्यायापुढे खूण करून सिद्ध होत नाही. नेतृत्वाची कसोटी मात्र याच ज्ञानावर लागते. ग्रंथात गुणांचा उल्लेख प्रगतीचे निदर्शक म्हणून येतो. त्या गुणांनी नेमके काय मोजले, याची चिकित्सा अपुरी राहते.

दुसरा आक्षेप श्रेणीविषयी. इंग्रजीत सत्तादर्शक रूपे थोडी असल्याने ती भाषा स्वीकारल्यावर कार्यालयातील उच्चनीचता शिथिल होईल, अशी मिकितानी यांची अपेक्षा होती. जपानी भाषेत आदरार्थी, विनयार्थी आणि सभ्य रूपांची विस्तृत व्यवस्था आहे. वक्ता, श्रोता आणि ज्याविषयी बोलावयाचे ती व्यक्ती यांचे परस्परसंबंध ठरल्यावाचून क्रियापदाचे रूप निश्चित करणे कठीण. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतील निवड दररोज करणाऱ्या मराठी भाषकाला या अडचणीची कल्पना सहज येईल. परंतु रूपे नाहीशी झाली म्हणजे नातेही नाहीसे होते, हे अनुमान घाईचे आहे. मराठी कुटुंबातील मुलाने वडिलांशी इंग्रजीत बोलावयास आरंभ केला, तर ‘तुम्ही’ हे सर्वनाम लोप पावेल. वडिलांविषयीचा संकोच लोप पावेलच असे नाही. तो बोलण्याच्या क्रमात, आवाजाच्या पट्टीत, गप्प बसण्यात आश्रय घेईल. आणि येथे एक विसंगतीही लक्षात घेतली पाहिजे. उच्चनीचता शिथिल करणारा म्हणून वाखाणलेला हा आदेश एका सर्वोच्च अधिकाऱ्याने, पदावनतीच्या धाकासह, वरून खाली दिला होता. त्याचे पालन झाले ते नव्या भाषेच्या समतेमुळे की जुन्या श्रेणीच्या सामर्थ्यामुळे, हा प्रश्न ग्रंथाने उपस्थित करावयास हवा होता.

याच संदर्भात राकुतेनच्या कार्यतत्त्वांमधील एक शब्द बोलका आहे. इंग्रजीत मांडलेल्या या तत्त्वांत गृहीतक मांडा, आचरणात आणा, पडताळा पाहा, या पायऱ्यांनंतर ‘शिकुमिका’ हा जपानी शब्द तसाच ठेवलेला आहे. यशस्वी ठरलेल्या कृतीला कायम पद्धतीचे रूप देणे, असा त्याचा स्थूल अर्थ. सर्व व्यवहार इंग्रजीत आणणाऱ्या संस्थेने हा एक शब्द भाषांतरित केला नाही, यात तिचे दुबळेपण नाही. उलट संस्थेचे मन कोठे वसते त्याची ती खूण आहे. जो शब्द सोडवत नाही तेथे विचार मूळ धरून असतो. इंग्रजी हे अशा वेळी जपानी विचाराचे वाहन झाले होते, त्याचे पर्यायी घर झाले नव्हते. अमेरिकी कर्मचाऱ्यांना धक्का बसला तो यामुळेच.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण त्याचा संबंध माणसांच्या प्रतिष्ठेशी येतो. नीली यांनीच २०१३ मध्ये फ्रान्समधील एका तंत्रज्ञान कंपनीविषयी प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखविले होते की सक्तीच्या इंग्रजीमुळे ती मातृभाषा नसलेल्या कर्मचाऱ्यांना आपला दर्जा घसरल्याचे दुःख झाले, मग त्यांचे इंग्रजी कच्चे असो वा पक्के. सर्वाधिक अस्वस्थ होते ते स्वतःचे इंग्रजी मध्यम मानणारे. कच्च्याला गप्प राहण्याची सवलत मिळते, पक्क्याला आत्मविश्वास असतो. मधल्याला बोलावेही लागते आणि प्रत्येक वाक्याबरोबर आपली बुद्धी कमी लेखली जात असल्याचे जाणवतही राहते. वीस वर्षे एखादे काम उत्तम केलेला मनुष्य एका सभेत वाक्य जुळविता न आल्याने सामान्य ठरतो, आणि त्याचे ज्ञान संस्थेला मिळावयाचे राहून जाते. हे नुकसान कोणत्याही हिशेबवहीत दिसत नाही. २०१७ च्या ग्रंथात ही वेदना नोंदलेली आहे, परंतु परिवर्तनाच्या मार्गावरील एक टप्पा म्हणून. पूर्वीच्या निबंधातील प्रखरता येथे यशोगाथेच्या ओघात मंदावली आहे.

५

मिकितानी यांनी आपल्या आदेशाचे समर्थन करणारे जपानी पुस्तक २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच्या शीर्षकाचा भावार्थ ‘इंग्रजीच तर आहे, त्यात काय एवढे’ असा आहे. हे उद्गार काढणाऱ्याने १९९३ मध्ये हार्वर्डहून व्यवस्थापनाची पदवी घेतली होती, ही गोष्ट विसरता येत नाही. अर्थात त्या पदवीमागचे त्यांचे स्वतःचे श्रम नाकारण्याचे कारण नाही. तथापि २०१० च्या आदेशाने सहस्रावधी कर्मचाऱ्यांकडून जे मागितले, ते आदेश देणाऱ्याकडून त्या घटकेस मागितले नव्हते. नेत्याला जी भाषा येते तीच संस्थेची भाषा व्हावी आणि त्यालाच जागतिक मनोभूमिकेचे नाव मिळावे, यात पर्लमटर यांची स्वदेशकेंद्री वृत्तीच वेश पालटून आली नाही ना, ही शंका रास्त आहे.

यावरून एक निकष सुचविता येतो. नेत्याची मनोभूमिका जागतिक आहे किंवा नाही हे त्याच्या प्रवासांवरून, त्याच्या इंग्रजीच्या सफाईवरून अथवा विविधतेविषयीच्या त्याच्या भाषणांवरून ठरवू नये. परक्या भाषेत अडखळण्याची पाळी त्याने स्वतःवर कधी घेतली आहे काय, आणि अडखळणाऱ्याचे म्हणणे पूर्ण होईपर्यंत थांबण्याची सोय त्याने आपल्या सभांत केली आहे काय, हे पाहावे. पहिल्या प्रश्नाने नेत्याची परीक्षा होते, दुसऱ्याने संस्थेची. द्विविध परदेशस्थांनी जे परिस्थितीमुळे शिकले ते नेत्याने हेतुपुरस्सर शिकावे, एवढाच याचा अर्थ.

महाराष्ट्रातील विद्यापीठांत व्यवस्थापनाचे पदव्युत्तर अध्ययन बहुतांशी इंग्रजीतूनच चालते. त्यामुळे येथील वर्गात भाषा हा घटक विस्मृत राहण्याचा धोका दुहेरी आहे. जे माध्यम गृहीत धरले जाते त्याविषयी प्रश्न विचारण्याचे सुचत नाही. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी वर्गात गप्प बसतो तेव्हा त्याच्या मौनाची गणना अज्ञानात होते, की भाषांतरात गुंतलेल्या विचारात, याचा निर्णय दररोज होत असतो आणि बहुधा नकळत होत असतो. नीली यांचा ग्रंथ वाचताना तोक्योतील त्या कर्मचाऱ्यांकडे केवळ परदेशी उदाहरण म्हणून पाहण्याचे कारण नाही. उणिवा लक्षात घेऊनही हा ग्रंथ व्यवस्थापनशास्त्राच्या आणि भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी एकत्र बसून वाचावा अशा योग्यतेचा आहे. कारण ज्या प्रश्नाकडे दोन्ही शास्त्रांनी आपापल्या परीने पाठ फिरविली होती, त्याच्यासमोर तो त्यांना आणून उभे करतो.