दीड सेंटिमीटरचा सांधा

सायकलच्या दुकानात, छर्‍यांच्या आणि वॉशरांच्या डब्यांशेजारी, काळ्या रबराच्या एका बारीक नळीचं वेटोळं निवांत पडलेलं असतं. दुकानदार तिला व्हॉल्व्हट्यूब म्हणतो. हातभर मागितली तर वेटोळं उलगडून, कोपरापर्यंत मापून, कात्रीने कापून तो ती कागदात गुंडाळून देतो. आपण ती घरी आणावी, पट्टीवर ठेवून दीड-दीड सेंटिमीटरचे तुकडे करावेत आणि त्यांतला एकच तुकडा चिमटीत धरून खिडकीच्या उजेडाकडे न्यावा. आरपार पाहिलं की पलीकडे आकाशाचा मोहरीएवढा ठिपका दिसतो. त्या मोहरीएवढ्या पोकळीत काडेपेटीतली काडी इतकी नेमकी बसते, की दोन वेगळ्या कारखान्यांत, दोन वेगळ्या कामांसाठी जन्माला आलेल्या या वस्तूंची गाठ कोणीतरी आधीच बांधून ठेवली होती असं वाटावं.

माझ्या भाच्याच्या आठव्या वाढदिवसाला मी जी पुडी नेली, तिच्यात एवढंच होतं: तीन काडेपेट्यांमधल्या काड्या, नळीचे तुकडे आणि बाभळीचा एक लांब, वाळलेला काटा. काड्यांचे गुल मी आदल्या रात्री बसून खरवडून टाकले होते. आठ वर्षांच्या मुलाच्या हाती द्यायच्या वस्तूत तेवढी काळजी आपलीच. त्याआधीच्या दोन संध्याकाळी मी खेळण्यांच्या दुकानांतून हिंडले होते. तिथे देखण्या वस्तू होत्या, जिव्हाळ्याने घडवलेल्याही होत्या. पण बहुतेकांच्या झाकणावर पुरा झालेला किल्ला, पुरं झालेलं विमान छापलेलं होतं, आणि मुलाने त्या चित्रापर्यंत पोचायचं होतं. पोचलं की खेळ आटोपला. मला अशी भेट हवी होती, जिचं चित्र झाकणावर काढायला घेतलं तर चित्रकाराचा हात थबकावा.

आता तो सांधा जवळून पाहू. एक काडी नळीत एका बाजूने सारायची, दुसरी दुसर्‍या बाजूने, आणि दोघींची टोकं आत एकमेकींना भिडण्याच्या जरा आधी थांबायचं. या थांबण्यातच सगळं मर्म आहे. काड्या पुढे रेटून भिडवल्या, तर सांधा अवघडतो; मध्ये दोन-तीन मिलिमीटरची जागा मोकळी सोडली, तर ती जागा कोपरासारखी वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते. व्याकरणात दोन वर्ण जवळ येतात, एकमेकांत विरघळतात आणि तिसराच ध्वनी उमटतो. त्याला आपण संधी म्हणतो. इथला संधी निराळ्या जातीचा. दोन्ही काड्या आपापल्या जागी अबाधित राहतात आणि त्यांच्यामधल्या रिकाम्या रबरात वळण्याची सारी शक्यता साठून असते. भाच्याने पहिला सांधा जोडला, दोनदा वाकवला आणि स्वतःच्या पायाकडे पाहून म्हणाला, "मावशी, हा गुडघा आहे." मी काही शिकवलं नव्हतं. त्या मोकळ्या जागेनेच त्याला ते सांगितलं.

याच नळीचं सायकलमधलं मूळ काम ठाऊक असलं, की तिच्याविषयीची माया आणखी वाढते. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमध्ये पितळी दांडीला बाजूने एक सूक्ष्म भोक असतं आणि ही नळी त्या भोकावर घट्ट चढवलेली असते. पंप मारला की हवेच्या जोराने रबर किंचित फुगतं आणि हवा त्याच्याखालून ट्यूबमध्ये शिरते. पंप थांबताच आतल्या हवेचाच दाब रबराला भोकावर चिकटवून टाकतो, आणि बाहेर जायची वाट बंद होते. म्हणजे ताणलं जायचं आणि ताण सुटताच पुन्हा बिलगायचं, हा या रबराचा स्वभावधर्म. काडी घट्ट धरून ठेवतानाही ते हाच धर्म पाळत असतं.

सायकलची नळी आणि घरातली काडी यांना खेळात एकत्र आणलं ते अरविंद गुप्ता यांनी. आयआयटी कानपूरमधून शिकून बाहेर पडलेले हे अभियंते पुण्यात टेल्कोमध्ये ट्रक बनवण्याच्या कामावर होते. 1978 साली त्यांनी वर्षभराची रजा घेतली आणि ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात गेले. तिथे 1972 पासून, 'किशोर भारती' आणि रसूलियाचं 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या संस्थांच्या पुढाकाराने, गावांतल्या 16 उच्च प्राथमिक शाळांमध्ये प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू झालेला होता. खेड्यातल्या शाळेला प्रयोगशाळा कुठली? आठवड्याचा बाजार हीच प्रयोगशाळा. त्या बाजारात जे मिळतं, चार आण्यांत मिळतं, गावातल्या कुठल्याही मुलाला परवडतं, त्यातूनच विज्ञान उभं करायचं. मला नेहमी त्या बाजाराचं दृश्य डोळ्यांपुढे आणावंसं वाटतं: बांगड्यांची पथारी, मिरच्यांचे ढीग, पंक्चरवाल्याची पेटी, आणि त्या गर्दीतून प्रत्येक वस्तू हातात घेऊन, तिला तिच्या नेमून दिलेल्या कामापलीकडे आणखी काय करता येईल हे पाहत चाललेला एक तरुण इंजिनिअर. पुढे हेच गुप्ता पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान केंद्रातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत कितीतरी वर्षं मुलांबरोबर रमले, आणि 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शोधिकेची इमारत पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ उभी आहे आणि तिचं नाव 'पुलस्त्य'. सप्तर्षींतला एक तारा, ज्याच्या पहिल्या दोन अक्षरांत आपले पु. ल. दडलेले! टाकाऊतून खेळणी घडवणार्‍या माणसाला याहून आनंदी नावाचं घर कुठे मिळालं असतं?

पण पुडीकडे परत येऊ, कारण आता त्रिकोण व्हायचा आहे. तीन काड्या, तीन तुकडे. टोकं जुळली की तो हातात घेऊन दाबावा, ढकलावा, चिमटावा. तो जागचा हलत नाही. मग चौथी काडी आणि चौथा तुकडा घेऊन चौकोन करावा; बोटाचा नुसता स्पर्श झाला की तो कलतो, पतंगाच्या आकाराचा होतो, आणखी ढकलला तर चटईसारखा मिटून सपाट पडतो. यातली गंमत चाखायला जरा थांबायला हवं. दोन्ही आकृत्यांचे सांधे तेच, तितकेच मऊ, तितकेच वाकणारे. तरी तीन मऊ सांध्यांमधून ताठपणा जन्मतो आणि चार मऊ सांध्यांमधून लवचीकपणा. त्रिकोणाच्या तीन बाजूंची लांबी ठरली की त्याचे कोनही आपोआप ठरून जातात, त्यांना दुसरीकडे सरकायला जागाच उरत नाही. चौकोनाच्या चार बाजू मात्र कितीही समान असोत, कोनांना त्या मोकळं सोडतात. हे वाक्य पुस्तकात वाचलं तर ते प्रमेय असतं. बोटांच्या टोकांना कळलं की ते स्पर्शाचं ज्ञान होतं, आणि मग डोळे जिथे तिथे त्रिकोणच शोधू लागतात. कौलारू घराच्या छपराखालची कैची, रेल्वेच्या पुलाचे लोखंडी बाहू, माळावरून तारा वाहून नेणारे विजेचे मनोरे, शेताच्या लाकडी फाटकावर ठोकलेली ती एकुलती एक तिरपी पट्टी. गेली कित्येक वर्षं मी त्या पट्टीला शोभेची समजत होते.

बाभळीच्या काट्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही, आणि मला तर या सगळ्या रचनेतला तोच सर्वांत रसाळ शब्द वाटतो. सपाट कागदावरची आकृती सोडून उभं राहायचं असेल, तर एका सांध्याला तिसरी काडी जोडावी लागते. त्यासाठी नळीच्या मधोमध भोक हवं. सुईने टोचलं तर भोक फार बारीक पडतं, खिळ्याने टोचलं तर रबर फाटतं. काटा टोकाला अणकुचीदार आणि बुडाकडे हळूहळू रुंदावत जाणारा. तो आत जाताना रबराला विचारत विचारत जातो. भोक काडीजोगं होतं आणि काटा काढून काडी घातली की रबर तिला मिठीत घेतं. रानात फुकट पडलेल्या, पायात मोडला तर डोळ्यांत पाणी आणणार्‍या वस्तूतलं हे सौजन्य ज्याच्या नजरेला पहिल्यांदा पडलं असेल, त्याच्या नजरेला नमस्कार करावासा वाटतो.

अशा तीन-तीन तोंडांच्या चार सांध्यांमध्ये सहा काड्या बसवल्या की चतुष्फलक उभा राहतो. कुठल्याही बाजूवर ठेवा, त्याला पालथं म्हणून काही नाही. चारही अंगांनी त्रिकोण, म्हणून चारही अंगांनी ताठ. त्याच्या पोटात मधोमध एक बिंदू कल्पावा आणि त्यातून चार कोपर्‍यांकडे चार रेघा ओढाव्यात, की तो मिथेनचा रेणू होतो: मधला कार्बन, कोपर्‍यांवरचे चार हायड्रोजन. घनाला मात्र 12 काड्या आणि 8 सांधे लागतात, आणि इतका खर्च करूनही तो पावसाळी कुंपणासारखा डुलत राहतो. अधिक साहित्य म्हणजे अधिक बळ, ही आपली समजूत सहा काड्या शांतपणे दूर करतात.

या खेळाचं एक लांबचं गोत्र जर्मनीत आहे, आणि ते आठवल्यावर 'भेट' या शब्दालाच नवी झळाळी येते. स्फटिकांच्या अभ्यासात रमलेल्या फ्रीड्रिक फ्रोबेल यांनी 1837 मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी आपली संस्था काढली. तिलाच पुढे त्यांनी किंडरगार्टन, मुलांची बाग, असं नाव दिलं. मुलांच्या हाती द्यायच्या लोकरीच्या चेंडूंना, लाकडी ठोकळ्यांना ते खेळणी म्हणत नसत. 'गाबेन', म्हणजे भेटी, म्हणत. त्यांच्या बालवाड्यांतल्या कामांत एक काम होतं भिजवलेल्या वाटाण्यांचं: वाटाण्यात काड्या टोचून आकृत्या उभारायच्या, वाटाणे वाळले की सांधे घट्ट. अमेरिकेतल्या अशाच एका बालवाडीत बकमिन्स्टर फुलर नावाचा एक मुलगा होता. त्याची नजर अधू. बाकीची मुलं आजूबाजूला दिसणार्‍या घरांसारखी चौकोनी घरं करत होती, आणि ज्याला घरं नीट दिसलीच नव्हती असा हा मुलगा बोटांना जे ताठ लागेल ते जोडत गेला व त्रिकोणांवर त्रिकोण रचून बसला. पुढे तोच वास्तुरचनाकार गोलार्धासारख्या, त्रिकोणांच्या जाळीच्या घुमटांसाठी जगभर नावाजला, आणि आपला आरंभ त्या वाटाण्यांत होता हे स्वतःच सांगत राहिला. मला या कथेत त्या बालवाडीच्या बाईंचा हेवा वाटतो. समोर काय घडतंय हे त्यांना उमगलं असो वा नसो, त्यांनी वाटाणे हातात दिले आणि मुलाला करू दिलं.

वाढदिवसाच्या दुसर्‍या दिवशी भाचा चौकोन घेऊन माझ्याशेजारी बसला. तो डुलतो हे त्याला आता सहन होत नव्हतं. त्रिकोण ताठ असतो हे कालचं ज्ञान. चौकोनात तिरपी काडी घातली की दोन त्रिकोण होतील, हे त्याचं आजचं. त्याने काडी घेतली, एका कोपर्‍यात बसवली आणि समोरच्या कोपर्‍याकडे वळवली. काडी पुरेना. त्याने दुसरी घेतली, मग तिसरी. काड्या सगळ्या सारख्या, चार-चार सेंटिमीटरच्या, आणि कर्णाला लागतात साडेपाचहून थोडे जास्त. बाजूपेक्षा कर्ण लांब असतो, किती लांब असतो, आणि ती लांबी कुठल्याच नेटक्या अपूर्णांकात का बसत नाही, हा माणसाला हजारो वर्षं पुरलेला प्रश्न एका आठ वर्षांच्या मुलाच्या चिमटीत दीड-पावणेदोन सेंटिमीटरने तोकडा पडून उभा होता. माझ्या जिभेवर पायथागोरसचं नाव आलं होतं. मी ते तिथेच थांबवलं.

तो उठला, मागच्या अंगणात गेला आणि खराट्यातला एक हीर उपसून घेऊन आला. कोपर्‍यापासून कोपर्‍यापर्यंत धरून, नखाने खूण करून त्याने तो मोडला, टोकं दातांनी जराशी निमुळती केली, काट्याने दोन सांध्यांना भोकं पाडली आणि हीर आत सारला. मग चौकोन तळहातावर उभा धरून त्याने त्याला एका बोटाने ढकललं. पुन्हा ढकललं. नंतर काही न बोलता तो माझ्या हातात दिला, मीही ढकलून पाहावं म्हणून.