वहीतलं घराणं आणि वहीबाहेरची माणसं

टोमास मान या जर्मन लेखकाची 'बुडेनब्रोक्स' ही कादंबरी मी तीन महिने वाचत होतो. पुस्तक रद्दीवाल्याकडचं, इंग्रजीतलं, बाजूला डिक्शनरी. सूतगिरणीत तिसरी पाळी करून यायचं, आंघोळ करायची, नाकातला कापूस काढायचा आणि झोप येईस्तोवर चार पानं वाचायची. समीक्षा मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. साच्यावर उभं राहणाऱ्या एका माणसाचं हे मत आहे, असं समजून वाचा.

कादंबरी निघाली १९०१ साली. लेखक तेव्हा पंचवीस वर्षांचा पोरगा. पुढं १९२९ साली त्याला नोबेल मिळालं ते मुख्यतः याच पुस्तकासाठी. धान्याचा व्यापार करणाऱ्या एका घराण्याच्या चार पिढ्या, १८३५ ते १८७७. लेखकाचं स्वतःचं घरही ल्यूबेकमधलं, धान्याच्याच व्यापाऱ्याचं. म्हणजे पोरानं आपल्याच घराचा पंचनामा केलाय.

गोष्ट म्हणाल तर फार नाही. जेवणं होतात, लग्नं होतात, दिवाळं निघतं, माणसं मरतात. पण माणसं अशी उभी केलीत की पाळीवर बाबीण बदलताना मला टोनी आठवायची. ही घरातली मुलगी. समुद्रकाठी सुट्टीला जाते, तिथं बंदरातल्या वाटाड्याचा मुलगा मोर्टेन भेटतो. डॉक्टरकी शिकणारा, राजेशाहीवर चिडणारा. टोनी आपल्या तोलामोलाच्या लोकांत जाऊन बसली की हा लांब दगडांवर एकटा बसून तिची वाट बघतो. तो दगड मला माहीत आहे. आपल्यापैकी कुणाला माहीत नाही?

पुढं काय होतं? घरात एक सोनेरी कडांची वही आहे. पिढ्यान् पिढ्यांचे जन्म, लग्नं, मृत्यू तिच्यात लिहिलेले. बापानं बघितलेला व्यापारी टोनीला नको असतो. एक दिवस ती ही वही वाचते, घराण्याच्या मोठेपणानं भारावते आणि स्वतःच्या हातानं त्या माणसाशी साखरपुडा झाल्याचं लिहून टाकते. नवरा लबाड निघतो, त्याचं दिवाळं वाजतं. जबरदस्ती कुणी केली? हातात काठी घेऊन कुणीच नाही. वहीनं केली. घराणं नावाची गोष्ट माणसाच्या आत शिरून कसं काम करते हे एवढं साफ मी कुठं वाचलं नव्हतं.

शेवटच्या पिढीतलं नाजूक पोरगं, हान्नो, त्याच वहीत आपल्या नावाखाली दुहेरी रेघ मारतं. बाप खवळतो. पोरगं म्हणतं, मला वाटलं आता पुढं काही येणार नाही. इथं मी पुस्तक मिटून ठेवलं.

मिटलं, कारण मला माझी आज्जी आठवली. नाशिकच्या उपाध्यांच्या चोपड्यांत यजमानांच्या पिढ्या लिहिलेल्या असतात. आमच्या माणसांना त्या घाटावर कोण उभं करणार होतं? मला आज्ज्याचं नाव माहीत आहे, त्याच्या बापाचं नाही. ज्यांची वही आहे त्यांना चार पिढ्यांची कादंबरी लिहिता येते. रेघ मारायलासुद्धा आधी नाव लिहिलेलं लागतं.

आता वहीबाहेरच्या माणसांकडं येतो. १८४८ च्या उठावाच्या दिवसांत या घरातली स्वैपाकीण ट्रीना मालकिणीला तोंडावर सांगते, की थोडे दिवस थांबा, मग रेशमी कपडे घालून मी सोफ्यावर बसेन आणि तुम्ही माझी सेवा कराल. तिला लगेच कामावरून काढतात. ती पुढं कुठं गेली, हे कादंबरी सांगत नाही. गोदामातला मजूर स्मोल्ट जमावातून पुढं येऊन रिपब्लिक मागतो. मालक म्हणतो, ते तर तुम्हाला आहेच. तो म्हणतो, मग आणखी एक द्या. लोक हसतात, वाचकही हसतो. मी नाही हसलो. त्याला जे पाहिजे होतं त्याला शब्द नव्हता, एवढंच. कर्जात बुडालेल्या जमीनदाराचं उभं पीक टोमास बुडेनब्रोक स्वस्तात घेतो आणि ते गारपिटीत जातं. लेखक मालकाच्या मनातली सगळी तडफड दाखवतो. त्या शेतात राबणाऱ्यांचं काय झालं, याला एक ओळ नाही.

म्हणून ही कादंबरी फेकून द्यायची का? आपल्यातले काही मित्र म्हणतील, द्या फेकून. मी म्हणतो, नाही. मान आपल्या माणसांना सोडत नाही. बापाची घमेंड, काकाचं भोंदू दुखणं, धर्माच्या आडून चाललेला हिशेब, सगळं मांडतो, आणि तरी त्यांच्यावरची माया सुटत नाही. हे आपण करतो का? 'बलुतं' १९७८ साली आलं, 'जिणं आमुचं' १९८६ साली. ही माणसं स्वतःवरही लिहायला भ्याली नाहीत. त्यांच्यामागून आलेले आपण मात्र पुष्कळदा जुलमी मालक आणि बिचारे आपण, एवढ्यावरच भागवतो. माझा एक चुलता साहेब झाला, कॉलनीत गेला, आता आमच्या वस्तीत मयतीलासुद्धा येत नाही. माझा बाप सभेत समतेवर बोलायचा आणि घरी आईवर हात टाकायचा. हे मी आजवर लिहिलं नाही. लिहिलं तर आपली बदनामी होईल, ही भीती. ती भीती म्हणजे माझी सोनेरी वहीच झाली की!

घरात नोंद नाही, ही आपली अडचण खरी. पण आज्जी अजून जिवंत आहे. परवा तिला विचारलं, तुझ्या आईचं नाव काय गं? ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "तिला सगळी काळी म्हनायची. खरं नाव कुनी इचारलंच न्हाई."

मी ते लिहून ठेवलंय. शाळेच्या जुन्या वहीत, पहिल्या पानावर. खाली रेघ मारलेली नाही.