पायताण, पर्यटन आणि गंगाराम कांबळे यांचा चहा

संस्कृती, पर्यटन आणि क्रीडा यांच्या बळावर एखाद्या शहराचे मंदावलेले अर्थकारण पुन्हा उभे करता येते, हा विचार आज सर्रास मांडला जातो. कोल्हापूर हे त्याचे हाताशी असलेले उदाहरण. अंबाबाईचे देऊळ, रंकाळा, खासबागेतील कुस्ती, कोल्हापुरी चप्पल अशी यादी तयारच असते. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून पन्हाळाही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आणि या विचाराला आणखी जोर चढला.

हा विचार सरसकट झिडकारण्याचे कारण नाही. शाहू महाराजांनी १९०६ साली पाया घातलेली कापडगिरणी बंद पडली. त्या जागेवर महाराजांचे स्मारक उभारण्याचा विषय अनेक वर्षे चर्चेत आहे. गिरण्या बंद पडल्यावर लोकांनी पोट कशावर भरायचे, हा प्रश्न खराच आहे. परंतु ज्या जागी मजुरी मिळत होती तिथे केवळ स्मृती मिळणार असेल, तर त्या स्मृतीतून कोणाची चूल पेटणार, हे विचारणे आपले काम आहे.

चपलेपासून सुरुवात करू. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा कंपनीने मिलान येथे कोल्हापुरीच्या घाटाची पादत्राणे मांडली आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. महाराष्ट्रात संताप उसळला. 'आमची कोल्हापुरी' चोरली, असे सगळे म्हणू लागले. पुढे कंपनीने प्रेरणा कबूल केली आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. हे चांगलेच झाले. पण 'आमची' या शब्दात नेमके कोण बसले होते? कातडे कमावणारा ढोर समाज, ते कापून पायताण घडवणारा चर्मकार, घरात बसून वेणी घालणाऱ्या स्त्रिया, ही माणसे 'आमची' कधी झाली? प्राडाने नाव घेतले नाही म्हणून जे चिडले, त्यांनी तरी या हातांचे नाव कधी घेतले होते?

२०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचे नोंदणीकृत धनी ही दोन महामंडळे आहेत. कारागिराला आपली नोंद 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून करून घ्यावी लागते. पिढ्यान्‌पिढ्या ज्याने वस्तू घडवली तो कायद्याच्या कागदावर तिचा वापरकर्ता ठरतो! दुसरीकडे, २०१५ च्या कायद्याने राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि कातड्याची एक वाट बंद झाली. चपलेचा गौरव करायचा आणि चपलेचे कातडे अडवायचे, हा दुटप्पीपणा संस्कृतीचे गोडवे गाणाऱ्यांना खटकत नाही.

'वारसा' या शब्दाकडेही आपण संशयाने पाहिले पाहिजे. जातिव्यवस्था केवळ कामाची वाटणी करीत नाही, काम करणाऱ्या माणसांनाच उतरंडीत विभागते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच स्पष्ट केले. पिढीजात धंद्याला वारसा म्हटले की सक्तीला कौतुकाचा मुलामा चढतो. माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याने कोल्हापुरी चपलेवर उत्तम निबंध लिहिला. कान, पट्टा, वेणी, गोंडा, सगळे तपशील अचूक. पण आपली आई वेणी घालते, हे त्यात कुठेही नव्हते. विचारल्यावर तो म्हणाला, "सर, चप्पल कोल्हापूरची म्हटलं की टाळ्या पडतात. आमच्या घरची म्हटलं की आडनाव विचारतात." पर्यटनाच्या कोणत्या आराखड्यात या वाक्याला जागा आहे?

क्रीडेचेही तसेच. १९१२ साली पूर्ण झालेले खासबाग मैदान असे बांधले आहे की कुठेही बसा, कुस्ती दिसते. पण दिसणे वेगळे आणि लढणे वेगळे. महाराजांच्या काळी मल्लाच्या खुराकाला संस्थानचा आधार होता. आज ज्याच्या घरी म्हैस नाही आणि शेतही नाही, त्या पोराने दूध-तूप-बदाम आणायचे कुठून? मैदान भरवून हॉटेले भरतील. तालमीत भूमिहीनाचे पोर येईलच असे नाही.

बाजार आपोआप जात मोडीत नाही, याचा धडा कोल्हापूरच्याच इतिहासात आहे. राजवाड्याच्या पागेत काम करणारे गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल सवर्ण नोकरांनी मारले. शाहू महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंद्यासाठी साहाय्य केले आणि गंगाराम यांनी 'सत्यसुधारक' हॉटेल काढले. दुकान होते, चहा होता, पण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा स्वतः महाराज तिथे जाऊन चहा पिऊ लागले आणि बरोबरच्यांनाही पाजू लागले. भांडवल देऊन ते थांबले नाहीत. विटाळाची भिंतही त्यांनी ओलांडली. संस्कृतीच्या आधारे अर्थकारण उभे करणे म्हणजे काय, ते हे होते. याच संस्थानात मार्च १९२० मध्ये माणगावची परिषद झाली, हा योगायोग नव्हे.

म्हणून पर्यटनाच्या प्रत्येक योजनेला आपण तीन प्रश्न विचारले पाहिजेत. विकल्या जाणाऱ्या वस्तूच्या किमतीतला किती वाटा घडवणाऱ्याच्या हाती येतो? निर्णय घेणाऱ्या समितीत तो बसतो काय? आणि त्याच्या मुलाला तो धंदा मानाने करण्याची आणि तितक्याच मानाने सोडण्याची मोकळीक आहे काय? यातला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्याचे उत्तर 'नाही' असेल, तर पाहुणे कितीही येवोत, जुनीच उतरंड नव्या रंगात विकली जात आहे, असे म्हणावे लागेल. महाराजांचे स्मारक जरूर व्हावे. पण त्या स्मारकाच्या दाराशी चहाचे दुकान कोणाचे असेल, आणि तिथे कोण कोण चहा पिईल, हे आधी ठरले पाहिजे.