‘आजीबाईं’शी वाद

अ. भि. शहा यांनी संपादित केलेला पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे तो बहुधा बंडाचा दस्तऐवज म्हणून वाचला जातो. मीही वर्षानुवर्षे तसाच वाचला. आता ते वाचन मला अपुरे वाटते.

रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात, वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि लवकरच त्रैक्याच्या सिद्धांतावर शंका काढल्या. परक्या देशात, तिथल्या भगिनीसंघाच्या आश्रयाने राहत असताना! एका पुरोहितवर्गाचे जोखड उतरवले ते दुसऱ्याचे मानेवर घेण्यासाठी नव्हे, असे त्यांनी सिस्टर जेराल्डिनना कळवले. क्रुसावरची अक्षरे लॅटिनच का, संस्कृत का नकोत, हेही विचारले. जेराल्डिनना यात अहंकार दिसला. चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी मात्र शंकेला शंका मानून उत्तरे दिली. रमाबाईंचे मन तिथे मोकळे होताना दिसते.

तरीही जेराल्डिनना खलनायिका ठरवणे मला पटत नाही. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. ऐन वादातल्या पत्रांतही ते संबोधन आहे. आणि स्वतःच्या अधिकाराला आव्हान देणारी ही पत्रे जपली, संकलित केली, ती जेराल्डिननीच. त्यांच्या टिपणांत रमाबाईंवरची नाराजी लपत नाही (वाचताना मला अजूनही राग येतो). पण त्या टिपणांना खोडून काढणारी रमाबाईंची पत्रेही त्यांनी त्यांच्याच शेजारी ठेवली आहेत.