फोटोओळ नसलेले जत

कोरडी विहीर, टँकरभोवतीचे हंडे, मेंढरांचा कळप. छायाचित्रकारांच्या संकेतस्थळांवर जत तालुका मला बहुधा एवढाच भेटतो, आणि तोही ‘दुष्काळ’ किंवा ‘ग्रामीण भारत’ अशा मथळ्याखाली. गावाचे नाव नसते, साल नसते.

माझा आक्षेप छायाचित्रांवर नाही, मांडणीवर आहे. संकेतस्थळांचे तयार साचे साधेपणाच्या नावाखाली चौकोनी लघुचित्रांची जाळी देतात. ही जाळी आडवे चित्र दोन्ही कडांनी छाटते. माडग्याळ मेंढीची ओळख तिच्या बाकदार नाकात आहे. चित्राच्या कडेला उभ्या मेंढीचे तोंडच कापले गेले, तर उरते ती कुठलीही मेंढी.

फोटोओळ गाळणे हे तर त्याहून वाईट. २०२२च्या नोव्हेंबरात कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतमधल्या ४० गावांवर हक्क सांगितला, तो पाणीटंचाईच्या काळात झालेल्या जुन्या ठरावांचा दाखला देऊन. अशा तालुक्यात रिकाम्या हंड्यांचे चित्र म्हणजे एका वादातला पुरावा असतो. तो कोणत्या गावचा, कोणत्या महिन्यातला, हे न सांगणारा छायाचित्रकार आपलाच पुरावा निकामी करतो.

याउलट उदाहरण ‘पारी’वर आहे. पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत टिपलेली स्त्रियांच्या श्रमाची छायाचित्रे आधी बसस्थानकांवर, कारखान्यांच्या फाटकांशी, शेतमजुरांच्या मेळाव्यांत फलकांवर लागली. ‘व्हिजिबल वर्क, इनव्हिजिबल विमेन’ हे त्या प्रदर्शनाचे नाव. ऑनलाइन आणताना फलक मोडून त्यांची जाळी केली नाही. एकेक फलक, त्याची चित्रफीत, मूळ मजकूर आणि छायाचित्रे असा क्रम आहे. चित्रफीत आधी येते हे मात्र मला खटकते, कारण डोळा चित्रावर ठरण्याआधीच त्याचा अर्थ कानी पडतो. तरीही काम करणारी बाई तिथे नुसती सजावट होत नाही.

जतच्या छायाचित्रकाराला एवढा पसारा नको. वीस चित्रे पुरेत, एकाखाली एक, न छाटलेली. लग्नाची कामे वेगळ्या पानावर. कॅमेऱ्यातली आठ-दहा एमबीची फाइल जशीच्या तशी चढवली, तर गावातल्या मोबाइलवर ती उघडेपर्यंत माणूस पुढे निघून जातो. रुंदी दोन हजार पिक्सेलच्या आत आणली, की तीच फाइल काहीशे केबींवर येते. (साच्यांच्या जाहिरातींत याबद्दल चकार शब्द नसतो, सरकत्या चित्रांचे कौतुक मात्र फार.) फोटोओळ चित्रावर कोरू नये, खाली मजकूर म्हणून टाइप करावी, म्हणजे गावाचे नाव शोधणाऱ्याला ती सापडेल. आणि ती मराठीबरोबर कन्नडमध्येही हवी. सीमेलगतच्या कितीतरी घरांत बोलणे कन्नडमध्येच चालते, आणि चित्रातला हंडा त्याच घरांतला असतो.