पक्षी कशाची साक्ष देतो?

इझाबेला ट्री यांचे 'वाइल्डिंग' (२०१८) जरूर वाचा, पण थोडे सावध राहून. इंग्लंडच्या वेस्ट ससेक्समध्ये, नेप येथे, साडेतीन हजार एकरांवरची तोट्यातली शेती थांबवून लेखिकेने आणि त्यांच्या पतीने गुरे, घोडे, डुकरे, हरणे मोकळी सोडली. त्याची ही हकीकत.

पुस्तकाचे खरे मोल एका निरीक्षणात आहे. नाइटिंगेल पक्षी आणि पर्पल एम्परर फुलपाखरू म्हणजे चांगल्या जंगलाची खूण, असे तिथे मानले जाई. नेपला दोन्ही वाढले ते माजलेल्या कुंपणांत आणि विलोच्या झुडपांत. जीव जिथे कसाबसा तगला, तेच त्याचे आवडते घर, असे आपण धरून बसतो. तुम्हाला सोलापूरकडचा माळढोक आठवेल. त्याच्या गवताळ माळाला आपण 'पडीक' म्हणतो आणि तिथे झाडे लावण्यात पुण्य मानतो.

उणीव अशी, की एवढी जमीन हाताशी नसलेल्या शेतकऱ्याने काय करावे, याचे उत्तर पुस्तकात तोकडे आहे.

आणि सावध का? २०२० मध्ये नेपला पांढऱ्या करकोच्यांची पिल्ले जन्मली, त्याची मोठी बातमी झाली. पण करकोचे माणसाने आणून सोडलेले. नाइटिंगेल आपणहून आलेले. दोघांची साक्ष सारख्या वजनाची नाही. तेव्हा पुढच्या वेळी रानात गेलात, की पक्ष्याचे नाव विचारून थांबू नका. तो इथे आला कसा, तेही विचारा.